रक्त, रीत आणि स्वभाव

१

एखाद्याला अडाणी किंवा भोळसट ठरवायचे असले म्हणजे मुंबईत 'अलिबागसे आया है क्या?' असे विचारण्याची जुनी खोड आहे. हिंदी चित्रपटांनी ती दूरवर नेली. या वाक्प्रयोगावर बंदी घालावी, अशी मागणी करणारी जनहितयाचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आली. विनोद सगळ्याच समाजांवर होत असतात, त्यात अपमान मानू नये, अशा आशयाचे मत देऊन न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपला. विचाराच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. गावाचे नाव घेतले की माणसाचा स्वभाव सांगून झाला, असे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही ज्या अर्थी वाटते, त्या अर्थी स्वभाव हा जन्माबरोबर मिळतो, असे एक गृहीतक या थट्टेच्या मुळाशी असले पाहिजे.

हे गृहीतक मराठी भाषेला नवे नाही. 'खाण तशी माती' आणि 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' या म्हणी तेच सांगतात. परंतु 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला' ही म्हणही याच भाषेची आहे. पहिल्या दोन म्हणींना स्वभाव उपजत वाटतो, तर तिसरीला तो संगतीने बदलणारा वाटतो. शिवाय तिसरी म्हण एक सूक्ष्म भेदही करते. वाण बदलत नाही, गुण बदलतो. जनुके आणि मेंदूची जैविक घडण माणसाचे व्यक्तिमत्त्व कितपत घडवतात, हा आजच्या विज्ञानातील प्रश्न वाण आणि गुण यांच्या संबंधाचाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर काय आहे, आणि ते उत्तर खरे धरले तर नैतिक जबाबदारी, सामाजिक न्याय व साहित्यातील व्यक्तिचित्रण यांविषयीच्या आपल्या समजुतींचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे. या विचाराला रायगडच्या किनाऱ्याचा आधार घेतला आहे, कारण रक्ताविषयीच्या कथा आणि त्या कथांना दिलेली आव्हाने या चिंचोळ्या पट्टीत आणि तिला लागून असलेल्या मुलखात विलक्षण दाटीने एकत्र आली आहेत.

२

आधी जीवशास्त्राचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. साहित्य आणि समाजशास्त्रे यांच्या अभ्यासकांना 'जैविक' हा शब्द ऐकताच अंग चोरण्याची सवय झाली आहे. या सवयीला इतिहासात सबळ कारण आहे, हे पुढे दिसेलच. परंतु भीती हे खंडन नव्हे.

एकबीज जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो; द्विबीज जुळ्यांमध्ये भिन्न असू शकणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी समान असतात. या दोन प्रकारच्या जुळ्यांमधील साम्याची तुलना करून, एखाद्या समूहात आढळणाऱ्या भेदांपैकी किती भेद जनुकीय भेदांशी निगडित आहेत, याचा अंदाज करता येतो. अशा पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २,७४८ शोधनिबंध आणि सुमारे १ कोटी ४५ लाख जुळ्यांच्या जोड्यांची माहिती होती. सर्व गुणविशेष एकत्र घेतले तर हे प्रमाण सरासरी ४९ टक्के निघाले. बहिर्मुखता, चिंतातुरता, चिकाटी यांसारख्या स्वभावविशेषांबाबत ते साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या घरात येते. उरलेल्या भागाचे मोठे माप आपण समजतो त्या 'घरच्या संस्कारां'च्या पदरात पडत नाही, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. एकाच घरात वाढलेली भावंडे प्रौढपणी स्वभावाने आश्चर्यकारकपणे भिन्न निघतात. त्यांना वेगवेगळे घडवणारे प्रसंग, योगायोग आणि स्नेहसंबंध घराच्या समान वातावरणापेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

मेंदूचा पुरावा याहून थेट आहे. १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात लोहमार्गाचे काम चालू असता स्फोट होऊन साडेतीन फुटांहून थोडी अधिक लांबीची लोखंडी पहार फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला. पण डॉक्टर हार्लो यांनी नोंदवल्याप्रमाणे पूर्वीचा जबाबदार आणि समतोल मुकादम लहरी व उद्धट झाला. तो आता पूर्वीचा गेज राहिला नाही, असे त्याचे सोबती म्हणू लागले. मेंदूच्या अग्रभागाला इजा झाली आणि शील बदलले. शील म्हणजे आत्म्याचा अलंकार, असे मानणाऱ्या कोणत्याही परंपरेला हा प्रसंग अस्वस्थ करणारच.

मात्र या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. गेज पुढे चिलीला गेला आणि कित्येक वर्षे तेथे घोडागाडी हाकण्याचे काम करत राहिला. ठरलेल्या वेळी घोडे जुंपणे, उतारूंशी नीट वागणे, अवघड रस्त्याने गाडी नेणे, हा क्रम त्याला रोज पाळावा लागे, आणि तो पाळत असे. त्याच्या वर्तनात पुष्कळ सुधारणा झाली असावी, असे आजचे काही अभ्यासक मानतात. पहारीने जे मोडले ते नित्याच्या रीतीने काही अंशी सावरले, असा याचा अर्थ होतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'अमुक गुणाचे जनुक सापडले' अशा बातम्यांना ऊत आला होता. १९९६ मध्ये नावीन्याच्या हव्यासाचा संबंध एका जनुकाशी आणि चिंतातुरतेचा संबंध दुसऱ्याशी जोडला गेला. मोठ्या नमुन्यांवर तपासणी झाली तेव्हा अशा दाव्यांपैकी बहुतेकांचा पाया ढासळला. आज चित्र वेगळे आहे. स्वभावाशी निगडित असे जनुकीय भेद हजारोंच्या संख्येने विखुरलेले असतात आणि त्यांतील प्रत्येकाचा परिणाम अतिशय अल्प असतो. जनुकांचा प्रभाव आहे, पण भित्रेपणाचे वा औदार्याचे असे एक जनुक नाही.

३

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा, कारण सर्व घोटाळे त्याच्या विस्मरणातून होतात. 'पन्नास टक्के आनुवंशिक' याचा अर्थ कोणा एका माणसाचा निम्मा स्वभाव जनुकांनी आणि निम्मा परिस्थितीने घडवला, असा नाही. ते प्रमाण विशिष्ट समूहातील, विशिष्ट परिस्थितीतील भेदांचे आहे. ते व्यक्तीला लागू करता येत नाही, आणि दोन समूहांमधील अंतराचा खुलासाही त्यातून मिळत नाही.

रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाने हा मुद्दा बियाणाच्या दृष्टान्ताने समजावला होता. पेण–अलिबागच्या खारेपाटात तो अधिक नेमका मांडता येतो. अनेक जुन्या वाणांचे मिसळलेले भाताचे बी घ्यावे. एक मूठ गोड्या पाण्याच्या शेतात पेरावी, दुसरी बांधाला खांड पडून समुद्राचे पाणी शिरलेल्या शेतात. पहिल्या शेतातील रोपांच्या उंचीत जो फरक दिसेल तो मुख्यतः बियाचा; दुसऱ्या शेतातील रोपांमधला फरकही बियाचाच. पण दोन शेतांच्या सरासरीतील फरक मात्र सर्वस्वी मिठाचा. प्रत्येक शेतात वारसा पूर्ण खरा असूनही दोन शेतांमधल्या अंतराबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. बियाचे महत्त्व खारेपाटातील शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण तयार केले ते याच ज्ञानाच्या बळावर. परंतु फुटलेला बांध पाहून तो बियाला दोष देत बसत नाही. आधी खांड बुजवतो.

माणसांच्या बाबतीत हे शहाणपण आपण विसरतो. ज्या अलिबाग परिसराच्या भोळेपणाची थट्टा होते, त्याच परिसरातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतीविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसण्याचा संप चालवला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील या संपात माणसांनी उपासमार सोसली, पण शेतात पाऊल टाकले नाही. पिढ्यान्‌पिढ्या खोतापुढे वाकणाऱ्या कुळांचा नम्रपणा हा त्यांचा स्वभाव आहे, असे त्यापूर्वी कोणी म्हटले असते तर ते निरीक्षण म्हणून खोटे ठरले नसते. स्पष्टीकरण म्हणून मात्र ठरले असते. जे बी म्हणून दिसत होते ते मीठ होते.

४

अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएलांच्या परंपरेचे मूळ सांगितले जाते. फार पूर्वी एक जहाज या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांना तेथेच मूठमाती मिळाली. वाचलेल्यांचे वंशज पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर झाले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले होते, पण शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत उरली. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले.

२०१६ मध्ये या समाजाच्या जनुकसंचाचा एक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष दुहेरी आहे. या समाजात पश्चिम आशियाई ज्यू वारसा आणि भारतीय वारसा हे दोन्ही भरीव प्रमाणात आढळतात. त्यांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी. आणि बाहेरून आलेला वारसा मुख्यतः पुरुषांकडून, तर स्थानिक वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसतो. म्हणजे परंपरेने सांगितलेले दूरचे मूळ खोटे नाही, पण सात जोडप्यांच्या निर्भेळ वंशाची कल्पना मात्र टिकत नाही.

याच परंपरेतील दुसरी कथा या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचावी. डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू धर्मज्ञ या किनाऱ्यावर आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत की नाहीत, हे पारखण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी मिसळून ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी शिजवायला घेतली आणि उरलेली बाजूला सारली. राहाबीची खात्री पटली. कथा कितपत ऐतिहासिक आहे हा वेगळा प्रश्न. तिचा तर्क मात्र विलक्षण आहे. समाजाची ओळख पटली ती स्त्रियांच्या हातांमुळे. आणि त्या स्त्रियांचा आईकडचा वारसा बव्हंशी याच मातीतला होता, असे आजचे विज्ञान सांगते. दूरदेशीचा नियम ज्यांच्या रक्तात नव्हता त्यांनीच तो चुलीपाशी शेकडो वर्षे सांभाळला. रक्त प्रत्येक पिढीत निम्मे होत आणि मिसळत गेले. शनिवार मात्र शनिवारच राहिला.

व्यक्तिमत्त्वाच्या चर्चेत हा मुद्दा मध्यवर्ती मानावा लागतो. वारसा म्हटले की आपण रक्ताचा विचार करतो. पण पिढ्यांमधून सर्वांत निष्ठेने उतरणाऱ्या कित्येक गोष्टी रक्तातून उतरतच नाहीत. त्या भाषेतून, सणांतून, पदार्थांतून आणि पाळलेल्या मौनातून उतरतात. असे असूनही रक्ताचा मोह या समाजालाही सुटला नाही. वंशशुद्धीच्या कल्पनेतून त्यांच्यातच 'गोरे' आणि 'काळे' असे भेद पडले होते. पुढे इस्राएलमध्ये गेल्यावर १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांच्या विवाहांसाठी धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी सुरू केली, तेव्हा तेच माप त्यांच्यावर उलटले. आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. आपण दुसऱ्याला जे माप लावतो ते आपल्यालाही कधी लागेल, याची ही शिकवण किनाऱ्यावरच्या प्रत्येक समाजाने घ्यावी अशी आहे.

५

चौदा देह किनाऱ्याला लागल्याची आणखी एक कथा कोकणात आहे. समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते परशुरामाने पावन करून उठवली आणि त्यांपासून चित्पावन झाले, असे ती सांगते. याच समाजातील श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवा झाला. पुढे घाऱ्या डोळ्यांबरोबर बुद्धी, काटकसर, तिखट जीभ हे गुणही या जातीच्या 'रक्तात' असल्याचे जातीतल्या लोकांनी अभिमानाने आणि जातीबाहेरच्यांनी उपहासाने सांगितले. अभिमान आणि उपहास यांचा सिद्धान्त एकच होता.

या संदर्भात १९२७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था स्थापन झाली. ऑयगेन फिशर तिचे प्रमुख होते. त्याच वर्षी मराठीतील लोकप्रिय कादंबरीकार ना. सी. फडके यांचे भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असे प्रतिपादन करणारे इंग्रजी पुस्तक निघाले. आणि त्याच वर्षी, तेव्हाच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे, २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी हजारो सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. जन्माने योग्यता ठरते, या सिद्धान्ताला एकीकडे प्रयोगशाळेची वस्त्रे चढत असताना दुसरीकडे एका तळ्याच्या काठी त्याला सार्वजनिक नकार मिळत होता. पुढे १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात जातिव्यवस्थेच्या सुप्रजननशास्त्रीय समर्थनाचा आंबेडकरांनी स्वतंत्र समाचार घेतला. जात ही वंशाची सीमारेषा नव्हे. एकाच प्रदेशातील एकाच वंशाच्या माणसांमध्ये तिने भिंती घातल्या आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

या दोन टोकांना जोडणारी व्यक्ती म्हणजे इरावती कर्वे. १९२८ मध्ये घुर्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठात प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर. त्यानंतर त्या बर्लिनला फिशर यांच्याकडे गेल्या. युरोपीयांच्या कवटीची विषमता इतरांहून वेगळी असते आणि तिचा संबंध बौद्धिक श्रेष्ठतेशी आहे, असा गुरूंचा कयास होता. इरावतीबाईंनी तो तपासायचा होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा कोणताही संबंध आढळत नाही, असे लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, पदवी पणाला लावून एका विद्यार्थिनीने आकड्यांशी राखलेला हा प्रामाणिकपणा आपल्या बौद्धिक इतिहासात जितका आठवला जावा तितका आठवला जात नाही. त्यांनी मोजमाप सोडले नाही. पुढेही जातीजमातींची शरीरमापने त्या घेत राहिल्या. माप खोटे नव्हते. मापाने आधीच ठरलेले उत्तर द्यावे, ही अपेक्षा खोटी होती.

६

एवढे पाहिल्यावर 'संस्कार' हेच सर्वस्व मानावे, असा मोह होतो. तोही आवरला पाहिजे, कारण संस्कारवादाचीही एक क्रूर बाजू आहे. मूल घडते ते आईच्या हातून, हे आपण 'श्यामची आई'च्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचनातून आत्मसात केले. त्याचा उलटा अर्थ असा की मूल बिघडले तर दोष आईचा. पश्चिमेत १९४८ नंतर छिन्नमनस्कतेचे खापर आईच्या वागण्यावर फोडणारा सिद्धान्त काही काळ प्रतिष्ठित होता. आत्ममग्न मुलांच्या आयांवर थंडपणाचा आरोप झाला. आपल्याकडे सिद्धान्ताची गरजही पडली नाही. शेजाऱ्यांची नजर पुरेशी होती. या विकारांत जैविक घटकांचा वाटा मोठा आहे, हे संशोधनाने दाखवले तेव्हा असंख्य आयांच्या छातीवरचा दगड उतरला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' या चित्रपटात कोकणातील एका छिन्नमनस्क तरुणाचे आणि त्याला समजून घेऊ पाहणाऱ्या बहिणीचे चित्रण आहे. तेथे आजार हा शाप नाही, शिक्षा नाही आणि कोणाच्या वळणाचा दोषही नाही. जीवशास्त्र येथे करुणेच्या बाजूने उभे आहे.

मग जबाबदारीचे काय? आपला स्वभाव आपण निवडला नाही, तर त्यातून निघालेल्या कृत्याचा जाब आपल्याला का विचारावा? मराठीत कारण आणि सबब असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील अंतर हेच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. प्रत्येक कृतीला कारण असते, चांगल्या कृतीलाही. उदार माणसाच्या औदार्यामागेही मेंदू आहेच. कारण असणे हीच जर सुटका असेल, तर निंदेबरोबर स्तुतीही निरर्थक होईल आणि अपराध्याइतकाच संतही निरुत्तर होईल. कारणाची सबब केव्हा होते? समजावणे, लाज, पश्चात्ताप, दुसऱ्याचे दुःख यांपैकी काहीच त्या मनापर्यंत पोहोचू शकत नसेल तेव्हा. जेथे ते पोहोचू शकते तेथे जबाबदारी उरते. ही पोहोच मेंदूतूनच होते, म्हणून ती खोटी ठरत नाही. आपल्याला संताप लवकर येतो हे ज्याला कळले, त्याची जबाबदारी त्या ज्ञानाने कमी होत नाही. उलट संतापाच्या आधी उठून जाण्याचे एक नवे कर्तव्य त्याच्यावर येते.

गीतेतील प्रकृतीचा विचार या प्रश्नाच्या जवळ जातो. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत स्वधर्म हा बाहेरून निवडायचा नसून सहज वाट्याला येणारा आहे, असे मांडले. आत्मपरीक्षणाचे सूत्र म्हणून हा विचार मोलाचा आहे. परंतु वाट्याला आलेले सारे सहज असते काय, हा महाडच्या तळ्याने विचारलेला प्रश्न त्यापुढे उभा करावाच लागतो. प्रकृती माणसाने स्वतः ओळखली तर ती साधना होते. दुसऱ्याने त्याच्यासाठी ठरवली तर ती बेडी होते. विनोबा आणि त्यांचे दोन भाऊ, बाळकोबा व शिवाजी, तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. हे जनुकांचे काम की आईच्या भक्तीचे? तिघेही तेच रक्त आणि तेच घर घेऊन वाढले, म्हणून दोन्ही पक्ष त्यांच्यावर हक्क सांगू शकतात, आणि कोणालाच तो सिद्ध करता येत नाही. एका माणसाच्या आयुष्याची अशी वाटणी होत नाही.

७

साहित्याचे काम नेमके येथे सुरू होते. संख्याशास्त्र समूहातील भेदांबद्दल बोलते. कादंबरी एका माणसाबद्दल बोलते. एमिल झोलाने १८७१ ते १८९३ या काळात वीस कादंबऱ्यांतून एका कुटुंबाची नैसर्गिक आणि सामाजिक बखर लिहिली आणि आनुवंशिकतेला कथानकाचे सूत्र केले. आज त्या कादंबऱ्या वाचल्या जातात त्या त्यांतील शास्त्रासाठी नव्हे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मध्येही जगबुडीच्या काठचे एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या स्वभावाशी झुंजत राहते. तेथे खोताचा ताठा रक्तातून येतो की खोतीतून, हे लेखक सांगत नाही. तो सांगत नाही हेच त्याचे कलात्मक यश आहे, कारण पात्रांनाही ते ठाऊक नाही आणि तरीही त्यांना वागावे लागते.

ज्या इरावतीबाईंनी तरुणपणी कवट्या मोजल्या, त्यांनी उत्तरायुष्यात 'युगान्त' (१९६७) लिहिले. त्यात विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा, असा तर्क त्या मांडतात. मरणसमयी विदुराने आपले प्राण युधिष्ठिरात संक्रमित केले, हा प्रसंग त्या तर्काचा एक आधार आहे. मानववंशशास्त्रज्ञ येथे पितृत्व शोधते आहे, पण तिच्या हाती कवटी नाही, एक निरोप आहे. आणि कर्णाच्या बाबतीत त्या जवळजवळ उलट्या दिशेने जातात. त्याचा जन्म आपल्याला माहीत आहे, पण मी कोण या प्रश्नाचे उत्तर त्या माहितीने त्याला मिळत नाही. जन्माचे रहस्य कळल्यावरही त्याला कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे ठरवावेच लागते.

जनुकांचे ज्ञान वाढत जाईल आणि वाढावे. ते आपल्याला आपल्या वाट्याला आलेले बी अधिक स्पष्टपणे दाखवील, काही आजार बरे करील, काही आयांना निर्दोष ठरवील. ते ज्ञान हाती घेताना दोन गोष्टींचा विसर पडू नये. समाजाच्या दोन शेतांतले अंतर दिसले की आधी बांध तपासावा, ही एक. आणि दुसरी नवगावच्या त्या स्त्रियांनी दाखवलेली: जे रक्तात नाही तेही माणूस आपले करू शकतो, इतके की शेवटी त्यावरूनच त्याची ओळख पटते.